कोवळ्या झाडाचा बहार

२०२३ च्या उन्हाळ्यात माझा पुतण्या क्रिकेटच्या निवड चाचणीसाठी अकोल्याला गेला, तेव्हा मी सोबत होतो. पहाटे तेल्हाऱ्याहून एसटी धरली. अकोटला गाडी थांबली तेव्हा मी चहा घेतला. त्यानं काही घेतलं नाही. मांडीवर बूट घेऊन बसला होता. बूट नवे होते आणि पिशवीत ठेवले तर चेपतील अशी त्याला भीती होती.

नेटमध्ये प्रत्येक पोराला बारा चेंडू टाकायचे होते. आमच्या पोट्ट्याचे पहिले दोन चेंडू बाजूच्या नेटमध्ये गेले. तिसरा फलंदाजाच्या डोक्यावरून. चौथा इतका आखूड पडला की यष्टिरक्षकानं उडी मारूनही सोडला. पाचवा मात्र असा आत आला की फलंदाजाची बॅट खाली यायच्या आत मधला स्टंप मागे जाऊन पडला. आजूबाजूची पोरं गप्प झाली. मग उरलेले सात पुन्हा चारी दिशांना. वहीत लिहिणाऱ्या गृहस्थांनी त्याचं वय विचारलं, गाव विचारलं आणि शांतपणे म्हणाले, "वेग आहे. बाकी सगळं व्हायचं आहे."

यादीत नाव आलं नाही. येणारही नव्हतं.

परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. अकोट आलं, गेलं. मग मला म्हणाला, "मोठेबाबा, बाबाले काय सांगू?"

मी लगेच काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो पाचवा चेंडू होता. बाकीचे अकराही होते. ते अकरा तसे का गेले, हे मला थोडंफार माहीत होतं, आणि त्यातला काही दोष माझ्याकडे येत होता. ते सांगायचं तर आधी संत्र्याचं सांगावं लागेल.

आमच्या तेल्हारा तालुक्याचे पाण्यावरून दोन भाग पडतात. वर सातपुड्याच्या पायथ्याला गोडं पाणी, म्हणून तिकडे संत्रा, केळी, ओलिताची कपाशी. खाली पूर्णेच्या अंगाला खारपाणपट्टा. तिथं बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही नाही. तिकडचा कास्तकार पावसाच्या ओलीवर हरभरा काढतो. आमचं वावर वरच्या अंगाला, म्हणजे आम्ही नशीबवानांत मोडणारे.

१९८८ साली बाबूजींनी दीड एकरात संत्र्याची कलमं लावली. त्यांना घाई नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. संत्र्याचं झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फुलायला लागतं. पण फुललं म्हणून फळ धरायचं नसतं. जाणता माणूस ती फुलं झाडून टाकतो. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत झाडाला नुसतं वाढू देतो. तोवर पाणी द्यायचं, खत द्यायचं, पानसोट काढायचे, बुंध्याला बोर्डो लावायचं, आणि बदल्यात काही मागायचं नाही. बाबूजी म्हणत, "झाड तुले सांगन, आता घे म्हणून. तोपर्यंत हात मांग ठेवजो."

१९९० मध्ये बाबूजी गेले. घर माझ्या अंगावर आलं. दीड-दोन वर्षांत धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी शाळेत नवा लागलो होतो, पगार थोडा, आणि वावरात हिरवागार, चौथ्या वर्षाचा बगीचा. १९९२ च्या उन्हाळ्यात मी त्याला मृग बहारासाठी ताण दिला.

ज्यांनी संत्रा केला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताण म्हणजे झाडाचं पाणी मुद्दाम तोडायचं. भर उन्हाळ्यात काही आठवडे त्याला तहानेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, काही गळतात. मग मृगाचा पाऊस पडला की झाड घाबरल्यासारखं अंगभर फुलतं. मोठ्या झाडाला हे सोसतं, दरवर्षी सोसतं. कोवळ्याला सोसत नाही. पण फुलतं मात्र तेही, आणि कधी कधी मोठ्यापेक्षा जास्त. इथंच माणूस फसतो. मीही फसलो. झाडं वाकली इतकी फळं आली. व्यापाऱ्यानं उक्ता सौदा केला, पैसे हातात दिले, लग्न थाटात झालं. गावातले लोक म्हणाले, गुरुजींनी बापाचं नाव राखलं.

पुढच्या वर्षापासून फांद्या शेंड्याकडून वाळायला लागल्या. आम्ही त्याला सल म्हणतो. मग बुंध्यांतून डिंक. औषधं केली, माती बदलली, आळी मोठी केली. १९९८ मध्ये उरलेली झाडंही तोडली आणि त्या वर्षी थंडीभर चुलीत संत्र्याचं लाकूड जळत होतं. आमच्याच वर्षी लावलेला शेजाऱ्याचा बगीचा पुढं किती तरी वर्षं उभा होता. शाळेत जाताना तो रोज दिसायचा. बहिणीला मी हे कधी सांगितलं नाही. लग्न व्हायलाच हवं होतं, त्याचं वाईट वाटत नाही. पण दुसरा मार्ग काढता आला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता पोराकडे येतो.

माझ्या धाकट्या भावाचा हा एकुलता एक मुलगा. जन्म २००५ चा. लहानपणापासून हात लांब. गोठ्याच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारत बसायचा, गाय बिचकायची, त्याची आजी ओरडायची. फलंदाजी त्याला कधी आवडली नाही. हरभरा निघाला की रिकाम्या वावरात पोरं खेळायची, तेव्हा सगळ्यांना आधी बॅट पाहिजे असायची. हा एकटाच चेंडू मागायचा.

त्याच्या डोक्यात क्रिकेट खरं शिरलं ते २०१८ च्या पहिल्या दिवशी. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी खेळत होता. साठ वर्षांत एकदाही करंडक नाही. मुंबईकर आपल्याकडे कसं पाहायचे ते आमच्या पिढीला चांगलं आठवतं. त्या वर्षी इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना झाला. रजनीश गुरबानीनं त्यात हॅट्ट्रिक घेतली. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. आणि त्या संघात अकोल्याचा एक पोरगा होता, आदित्य ठाकरे. राजकारणातले नव्हेत, आपला वेगवान गोलंदाज. रणजीचा त्याचा पहिलाच सामना तो अंतिम सामना. पुतण्या बारा वर्षांचा होता. मोबाइल घेऊन माझ्याकडे धावत आला, "मोठेबाबा, अकोल्याचा हाय थो! आपल्या अकोल्याचा!" अकोला आमच्यापासून काही फार लांब नाही. तिथला पोरगा तिथं पोचू शकतो, एवढं त्याला कळलं. पोरांना एवढंच पुरतं.

सोळाव्या वर्षापर्यंत तो पंचक्रोशीत नावाजला. हिवाळ्यात तूर-हरभऱ्याच्या दिवसांत आमच्याकडे टेनिस बॉलचे सामने गावोगाव भरतात. कुठं रोख बक्षीस, कुठं बोकड. २०२२ च्या जानेवारीत मी त्याला मोटरसायकलवर बसवून गावोगाव नेत होतो. लोक मला बोलवायचे, "गुरुजी, तुमच्या पोट्ट्याले आणा." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एका रविवारी त्यानं तीन सामने खेळले. तिसऱ्यात शेवटून तिसरं षटक टाकून तो सीमेवर कमरेवर हात ठेवून उभा होता. कर्णधार माझ्याकडे पाहत होता. मीच हात वर करून सांगितलं, "त्यालेच दे अजून एक."

त्यानं टाकलं. जिंकलो. बोकड मोटरसायकलवर कसा आणायचा यावर हसत हसत घरी आलो.

पंधरा दिवसांनी त्याला खाली वाकून बादली उचलता येईना. आधी तेल चोळलं. मग लचक काढणाऱ्याकडे नेलं. त्यानं पाठीवर पाय दिला, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. शेवटी अकोल्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एमआरआय निघाला. कमरेच्या मणक्यात बारीक चीर.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जोरात चेंडू टाकताना पुढचा पाय आदळतो, तेव्हा अंगावर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली आणि बाजूला पिळलेली असते. सोळा-सतराव्या वर्षी उंची वाढते, पण मणक्याचं हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. एकदा, दोनदा काही होत नाही. तार वाकवत राहिली की जशी एका जागी तुटते, तसं होतं. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या वाढत्या पोरांत हे सर्रास दिसतं. मग त्यांनी विचारलं, "दिवसाला किती चेंडू टाकतो हा?"

मी पोराकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

माझ्या घरी वही आहे. सरकीच्या किती बॅगा पेरल्या, युरियाच्या किती गोण्या पडल्या, वेचाईला कोणत्या दिवशी किती बाया आल्या, ट्रॅक्टरला डिझेल किती लागलं, सगळं तीत आहे. गाईनं किती दूध दिलं तेही आहे. या पोराचे चेंडू कुठंच नव्हते. डॉक्टरांनी चार महिने चेंडूला हात लावायचा नाही असं सांगितलं. मी एसटीत बसलो आणि मला १९९२ चा बगीचा आठवला. तोच माणूस, तीच चूक. या वेळी तर लग्नाचं कारणही नव्हतं. नुसती हौस होती, आणि ती माझी होती.

त्याच सुमारास माझ्या भाचीचा अमेरिकेतून फोन आला. ज्या बहिणीचं लग्न त्या बहारावर झालं, तिचीच ही मुलगी. पोराच्या पाठीचं ऐकून तिनं सांगितलं, तिच्या शेजारचा बारा वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. सामना चालू असताना एक माणूस हातात छोटं यंत्र घेऊन बसतो आणि पोरानं चेंडू फेकला की बटण दाबतो. तिकडं पोरांच्या लिटल लीगमध्ये २००७ पासून नियमच आहे. अकरा-बारा वर्षांच्या पोरानं दिवसाला ८५ चेंडू, तेरा ते सोळाच्या पोरानं ९५. त्यापुढं कितीही रंगात आलेला असो, त्याच्या हातात चेंडू द्यायचा नाही. जास्त फेकले तर पुढचे काही दिवस सक्तीची सुट्टी.

तिनं सँडी कोफॅक्स नावाच्या जुन्या पिचरची गोष्टही सांगितली. १९५५ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना तो मोठ्या संघात आला. हातात विजेसारखा वेग, पण चेंडू जागेवर पडेना. सहा वर्षं असंच चाललं. मग १९६१ च्या सुरुवातीला त्याच्याच संघातल्या कॅचरनं त्याला सांगितलं, जोर थोडा कमी लाव. तिथून तो असा सुधारला की पुढची काही वर्षं त्याला कोणी तोंड देऊ शकत नव्हतं. पण कोपर झिजलं होतं, आणि १९६६ मध्ये तिसाव्या वर्षीच त्याला खेळ सोडावा लागला. भाची ही गोष्ट हुरूप द्यायला सांगत होती. मला तिच्यात दोन्ही दिसलं. सहा वर्षं थांबणारे लोक त्याला भेटले म्हणून तो झाला. आणि नंतर, फळ लागल्यावर, त्याचं झाडही थकलं.

आमच्याकडे बटणाचं यंत्र कुठून आणणार? मी हरभऱ्याचे दाणे घेतले. सदऱ्याच्या उजव्या खिशात मोजून दाणे टाकायचे. एक चेंडू पडला की एक दाणा डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की खेळ बंद. पावसाळा संपल्यावर, २०२२ च्या दिवाळीच्या आसपास, डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात अठरा दाणे, तेही एक दिवस आड. मग चोवीस. छत्तीसवर जायला दोन महिने लागले. टेनिसचा चेंडू बंद, बोकडाचे सामने बंद.

टेनिसचा चेंडू वजनाला ५८ ग्रॅमच्या आसपास असतो. लेदरचा चेंडू १६० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिप्पट. हलक्या चेंडूला नुसता खांद्याचा झटका पुरतो. पोराचा हात त्या झटक्याला सरावला होता. जड चेंडू त्याच झटक्यानं टाकला की तो हातातून कधी लवकर सुटायचा, कधी उशिरा. लवकर सुटला तर डोक्यावरून, उशिरा सुटला तर पायाशी. त्यात दुखण्याची भीती. पुढचा पाय आदळायच्या क्षणी तो डोकं डावीकडे पाडायचा, म्हणजे नजर स्टंपवरून हटायची. मी शिकवणारा नव्हे; मराठी आणि इतिहासाचा मास्तर. पण अकोल्यातल्या एका जुन्या खेळाडूला मोबाइलवर चित्रण पाठवलं. ते म्हणाले, "गुरुजी, त्याला शंभर गोष्टी सांगू नका. डोकं सरळ ठेव, एवढंच सांगा. आणि दोन वर्षं द्या."

काळ्या मातीवर पाणी मारून, रूळ फिरवून आम्ही खेळपट्टी केली. वर काथ्याची चटई अंथरली. जिथं चेंडू पडायला पाहिजे तिथं सिमेंटची रिकामी गोणी पसरून चारी टोकांना खिळे ठोकले. पहिल्या दिवशी अठरापैकी दोन गोणीवर पडले. दोन आठवड्यांनी पाच. मग पुन्हा दोन. एक दिवस तर एकही नाही. त्या दिवशी त्यानं चेंडू तुरीत फेकून दिला आणि मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तो शोधत बसलो. नवा चेंडू परवडणारा नव्हता.

त्या अवस्थेत तो २०२३ च्या चाचणीला गेला. जायची घाई त्याची नव्हती, माझीही नव्हती. वय पुढं सरकत होतं. एकोणीस वर्षांखालचे दिवस एकदाच येतात. म्हणून गेलो, आणि बाराचे अकरा तसे गेले.

घरी आलो तेव्हा भाऊ ओसरीत बसला होता. पोरानं काही सांगायच्या आधीच त्याला कळलं. रात्री जेवणं झाल्यावर तो माझ्याकडे आला.

"दादा, किती दिवस?" तो म्हणाला. "अठरा वर्साचा झाला थो. उंची हाय, दम हाय. पोलीस भरतीची तयारी केली तं लागून जाईन. तुमी त्याले दाणे मोजत बसवलं."

मी उमेश यादवचं उदाहरण दिलं. कोणता वऱ्हाडी-नागपुरी माणूस दिलं नसतं? खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत बाप कामाला. पोलीस भरती, लष्कर, दोन्हीकडे प्रयत्न करून झालेले. विसाव्या वर्षापर्यंत टेनिस बॉलच खेळला. लेदरचा चेंडू हातात आला तेव्हा तोही कुठंही जायचा. विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे त्याच्या पाठीशी उभा राहिला, २००८ मध्ये रणजी खेळला, २०११ मध्ये भारतासाठी कसोटी. तिथंही कित्येक वर्षं लोक म्हणत, वेग आहे पण धावा फार देतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध मायदेशी चार कसोटींत त्यानं १७ बळी घेतले. पुढं कसोटीत एकूण १७०. "कोणी थांबलं म्हणून झालं नं हे?" मी म्हणालो.

भावानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, एक उमेश यादव झाला. त्याच्या संगं जे पोट्टे बॉल टाकत होते, थे कुठी हायेत आज? त्यायच्यासाठी बी कोणी थांबलंच असन."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ज्यांचं झालं त्यांच्या गोष्टी आपण सांगतो. ज्यांचं नाही झालं त्यांच्यासाठी थांबलेल्या माणसांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, आणि ते थांबणं काही खोटं नसतं. भाऊ पोराचा वैरी नव्हता. दरवर्षी कपाशीचा भाव पाहणारा बाप होता. त्याच्या डोक्यात पोराची पन्नाशी होती. माझ्या डोक्यात एक पाचवा चेंडू.

त्या रात्री आम्ही दोघांनी एक ठरवलं. पहाटे तो भरतीची तयारी करेल. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, आणि रात्री भावापुढं बसून लेखी परीक्षेचं पुस्तक. संध्याकाळ माझी आणि दाण्यांची. आणि माझ्याकडून भावानं एक वचन घेतलं: "तुमी त्याले विचारायचं नाई, कवा खेळशीन म्हणून." मला वाटलं होतं, घाई त्याला आहे. त्याला माझीही दिसत होती.

ते वचन पाळणं मला जड गेलं. थांबणारा माणूस स्वतःला मोठा समजायला लागतो. मी तुझ्यासाठी एवढं करतो, आता तू काहीतरी करून दाखव, हे तो तोंडानं बोलत नाही, पण संध्याकाळी दाणे मोजताना त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. पोराला ते दिसायचं. चार चेंडू वाकडे गेले की तो आधी गोणीकडे पाहायचा आणि मग माझ्याकडे. माझं तोंड पाहून पाचवा जास्त जोरात टाकायचा आणि तो आणखी वाकडा जायचा. हे कळल्यावर मी खुर्ची फिरवली. खेळपट्टीकडे पाठ करून बगीच्याकडे तोंड करून बसायला लागलो. चेंडूचा आवाज ऐकून दाणा सरकवायचा. काथ्यावर पडला तर थप्प, गोणीवर पडला तर सळ्ळ असा वेगळा आवाज येतो. मी काही बोलत नसे. काही दिवसांनी त्याचा रन-अप हळू झाला. कोफॅक्सची गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. जोर कमी लावायचं त्याचं त्यालाच कळलं.

बगीच्याकडे तोंड करून बसायला जागा होती, कारण बगीचा पुन्हा उभा होता. २०१९ मध्ये मी त्याच दीड एकरात पुन्हा संत्रा लावला. २०२२ मध्ये तो पहिल्यांदा फुलला, त्याच वर्षी पोराची पाठ धरली होती. चेंडू बंद म्हणून तो दिवसभर रिकामा असायचा. मी त्याला सोबत घेतलं आणि आम्ही दोघांनी झाडाझाडावरून फुलं झाडली. हिरवी, गोट्यांएवढी फळं होती तीही तोडली. त्याला फार वाईट वाटलं. "मोठेबाबा, एवढी लागली होती," म्हणाला. मी त्याला जुन्या बगीच्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, लग्नासकट. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "आत्याले माईत हाय?" मी नाही म्हणालो. त्यानंही कुणाला सांगितलं नाही.

आता २०२५. या मार्चमध्ये विदर्भानं जामठ्याला केरळविरुद्ध तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. घरी टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिला, भावानंही. पुतण्या वीस वर्षांचा आहे. पोलीस भरतीत एकदा थोड्या गुणांनी राहिला. पुन्हा देणार आहे. रविवारी अकोल्याला जाऊन एका क्लबकडून खेळतो. एखाद्या दिवशी चार बळी, एखाद्या दिवशी दोन षटकांत वीस धावा आणि मग दिवसभर सीमेवर. दहापैकी सहा-सात चेंडू गोणीवर पडतात. यातून पुढं काय होईल ते मी विचारत नाही. पाठ दुखत नाही, एवढं मात्र रोज विचारतो.

बगीचा सहाव्या वर्षात आहे. यंदा पहिला बहार धरला, हलका ताण देऊन, तोही शेजारच्या जाणत्या कास्तकाराला दाखवून. झाडावर फार फळं नाहीत. व्यापारी येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "गुरुजी, यंदा थोडं कमीच दिसते." मी म्हटलं, "कमीच धरलं."

गेल्या आठवड्यातली संध्याकाळ. हरभऱ्याची पेरणी आटोपली होती, हवेत गारवा होता. मी पाठ करून बसलो होतो. सळ्ळ. सळ्ळ. सळ्ळ. एकामागून एक सात चेंडू गोणीवर. मला राहवलं नाही, मी वळून पाहिलं. डोकं सरळ, पाय सरळ, हात कानाजवळून येत होता. आठवा चेंडू गोणीच्या बरोबर मधल्या शिवणीवर पडला आणि स्टंप घेऊन गेला. असा दिवस तीन वर्षांत आला नव्हता. मी खिशात हात घातला. उजवा खिसा रिकामा होता. डाव्या खिशात सगळे दाणे होते. त्यातले सहा गुपचूप उजवीकडे टाकायला किती वेळ लागतो?

तो चेंडू उचलून रन-अपच्या खुणेकडे निघाला होता. मध्येच थांबला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मोठेबाबा, सरले नं दाणे?"

"सरले," मी म्हणालो.

त्यानं स्वेटर उचलला, गोणीचे खिळे काढले, आणि आम्ही घरी आलो.